मुळ्याचा पाला आणि पालक: कोमट सॅलडात पाणी कशाचं टाकून द्यायचं?

थायरॉईडचं निदान झालं की घरचे, शेजारचे सगळे एकच सल्ला देतात: पालेभाज्या बंद कर. त्यात पालकाचं नाव पहिलं. मला हा सल्ला फार खटकतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. थायरॉईडशी मुख्य संबंध येतो तो कोबीच्या कुळाचा. पालकाची अडचण कॅल्शियमची. सॅलड कसं गरम करायचं तेही यावरच ठरतं.

मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला, कोबी, नवलकोलाची पानं ही सगळी एकाच कुळातली. यांच्यात ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात आणि ती फोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम वेगळ्या कप्प्यात असतं. पान चिरलं की दोन्हींची गाठ पडते आणि तो झणझणीत वास सुटतो. यातून तयार होणारे काही पदार्थ थायरॉईडला आयोडीन मिळण्याच्या आड येतात. पण किती खाल्ल्यावर? 2010 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 88 वर्षांच्या एका बाईंची नोंद आली होती. त्या कित्येक महिने रोज 1 ते दीड किलो कच्ची बोकचॉय (कोबीच्याच कुळातली चिनी पालेभाजी) खात होत्या आणि थायरॉईड अगदी मंदावून अत्यवस्थ झाल्या. जेवणात आयोडीनयुक्त मीठ असेल, तर वाटीभर शिजवलेल्या पाल्याला घाबरायचं कारण नाही.

शिवाय उष्णतेनं मायरोसिनेज निकामी होतं. म्हणून पाला चिरून ठेवू नका. कढईत थोडं तेल, जिरं, ठेचलेला लसूण तडतडला की चिरलेला पाला लगेच टाका आणि झाकण ठेवून चार-पाच मिनिटं वाफ काढा. पानं मऊ पडून गडद हिरवी झाली की उतरवा. सुटलेलं पाणी त्यातच राहू द्या, फोलेट (एक ब जीवनसत्त्व) आणि क जीवनसत्त्व त्यात उतरलेलं असतं. मीठ शेवटी घाला, म्हणजे आयोडीन कमी उडतं.

पालक असा परतून भागत नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे पालकातलं जेमतेम 5 टक्के कॅल्शियम अंगी लागतं. ऑक्झलेट उष्णतेनं मोडत नाही, मात्र पाण्यात बरंच उतरतं. तेव्हा भरपूर उकळत्या पाण्यात पानं दोन मिनिटं बुडवा, निथळून पिळा आणि ते पाणी टाकून द्या. गरम पानांवर दही, तिळाचं कूट आणि हिंग-मोहरीची फोडणी घाला. दह्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच धरतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी मात्र पालक, माठ, चुका यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मेथी कोबीच्या कुळातली नाही आणि तिच्यात ऑक्झलेटही पालकापेक्षा बरंच कमी, त्यामुळे ती नुसती परतली तरी चालते.

‘हार्मोन बॅलन्स करणारं सॅलड’ म्हणून जे विकलं जातं, त्यावर माझा विश्वास नाही. पीसीओएस या बायकांमधल्या हार्मोनच्या विकारासाठीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही कोणत्याही एका आहाराला सरस ठरवत नाहीत. पालेभाजीतून तंतू, फोलेट मिळतं, पोट भरलेलं राहतं, तेवढ्यासाठी ती रोज खावी.

भाजीपेक्षा जास्त घोळ गोळीच्या वेळेत होतो. थायरॉईड मंदावल्यावर दिली जाणारी थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचं नाही. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवायचं.