रोलर कोस्टरचा लूप गोल का नसतो?

रोलर कोस्टरच्या उभ्या लूपचा बाजूने काढलेला एखादा फोटो नीट बघा. लांबून गोल वाटणारा तो रूळ गोल नसतोच. उलट्या धरलेल्या थेंबासारखा असतो. तळाची वळणं ऐसपैस, माथ्यावरचं आवळलेलं.

सुरुवातीला तसं नव्हतं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ सुरू झाला, त्याचा लूप चक्क वर्तुळ होता आणि व्यास जेमतेम २५ फूट. लोक हौसेने बसायचे आणि मान चोळत उतरायचे.

चुकलं कुठे, ते कळायला थोडा हिशेब करावा लागेल. साखळीने गाडी पहिल्या चढावर ओढून नेली की पुढे इंजिन नसतं. (चढताना कटकट आवाज येतो तो साखळीचा नव्हे, गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्यांचा.) तिथून पुढचा सगळा वेग उंची खर्चून मिळतो आणि लूप चढताना तो पुन्हा उंचीतच जातो. म्हणून गाडी तळाशी सुसाट, माथ्यावर मंद.

समजा, लूप २० मीटर उंच आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने आत शिरते. घर्षण सोडून दिलं तरी माथ्यावर वेग ३५ वर आलेला असतो. लूप वर्तुळाकार असेल तर तळाशी प्रवाशावर जवळजवळ ६ जी, म्हणजे वजनाच्या सहापट भार येतो. ६० किलोचा माणूस साडेतीनशे किलोचा होऊन सीटमध्ये रुततो. माथ्यावर मात्र तोच सीटवरून सुटायला लागतो. मग वर्तुळ मोठं केलं तर? काही उपयोग नाही. माथ्यावर माणूस सीटला जेमतेम टेकून राहील इतका वेग ठेवायचा म्हटलं, तरी तळाशी ६ जी येतातच. व्यास २५ फूट असो की २५० फूट. समीकरणात त्रिज्या कटूनच जाते. मला तर या साऱ्या गणितातली हीच खरी गंमत वाटते.

तेव्हा वळणाची त्रिज्याच जागोजागी बदलायची. वरच्याच उदाहरणात तळाशी ती २० मीटर ठेवली तर भार साडेतीन जीवर येतो, आणि माथ्यावर ६ मीटर केली तर तो मंद वेगही माणसाला सीटवर दाबून ठेवायला पुरतो.

कोनी आयलंडवरच १९०१ साली एडविन प्रेस्कॉटने लंबगोल लूप करून पाहिला. पण आजचा आकार रूढ झाला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या मनोरंजन उद्यानातल्या ‘रिव्होल्यूशन’ कोस्टरपासून. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेलने तिथे क्लोथॉइड हा वक्र वापरला. यात वळण एकदम सुरू होत नाही, पुढे जावं तसं सारख्या प्रमाणात आवळत जातं, त्यामुळे मानेला हिसका बसत नाही. महामार्गांची वळणं आखतानाही हाच वक्र वापरतात.

खोपोलीजवळ इमॅजिकातल्या ‘नायट्रो’वर प्रवासी ५ वेळा उलटे होतात. उलटं लटकल्याची भावना ज्यांना पुरेपूर हवी, त्यांनी कुठल्याही लूपसाठी मधली रांग धरावी. गाडीचा मध्य माथ्यावर असतो तेव्हाच अख्खी गाडी सर्वांत मंद असते. पुढचे त्याआधी आणि मागचे त्यानंतर माथा ओलांडतात, दोघेही जास्त वेगात.