दबलेला आवाज, विरघळलेला आवाज: शूगेझ, पॉवर पॉप आणि व्हेलॉसिटी गर्ल

गिटारला फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) लावला, रिव्हर्बचं, म्हणजे घुमाऱ्याचं, बटण शेवटापर्यंत पिळलं आणि गाणारी बाई असली, की झालं शूगेझ, म्हणजे गिटारच्या दाट गोंगाटाचा तो रॉकचा प्रकार! बेळगावापासून कोल्हापूर-पणजीपर्यंत गिटार वाजवणाऱ्या पोरांत ही समजूत घट्ट बसली आहे. हल्ली तर सिनेमातलं एखादं गाणं हळू करून, त्यावर रिव्हर्ब ओतून तेही याच नावाखाली फिरवतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण ते जाऊ दे. या घोळात खरं नुकसान होतं ते शूगेझ आणि पॉवर पॉप या दोन्हीच्या सीमेवर उभ्या असलेल्या बँडांचं. शूगेझवाले त्यांना कच्चे म्हणतात आणि पॉपवाले त्यांच्याकडे फिरकत नाहीत. व्हेलॉसिटी गर्ल हा तसाच एक बँड.

पॉवर पॉप काय ते समजावायची गरज नसावी. मुखडा ठळक, गिटार करकरीत, गाणं तीनेक मिनिटांत आटोपतं आणि कोरस एकदा ऐकला की जिभेवर बसतो. बीटल्सपासून निघालेली ही वाट मेम्फिसच्या बिग स्टारच्या १९७२ च्या पहिल्या अल्बमवरून स्कॉटलंडच्या टीनएज फॅनक्लबपर्यंत येते. मुखडा-अंतरा ऐकतच आपण वाढलो, त्यामुळे या कानाला वेगळी तालीम लागत नाही.

गोंधळ सुरू होतो तो गिटारच्या गोंगाटापाशी. नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रिएशन या एकाच ब्रिटिश कंपनीनं दोन अल्बम काढले: माय ब्लडी व्हॅलेंटाइन या शूगेझ बँडचा 'लव्हलेस' आणि टीनएज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क'. फीडबॅक (स्पीकरसमोर धरलेल्या गिटारची शीळ) दोन्हीत आहे, लांब केसांची ढगळ शर्टातली मंडळी दोन्हीकडे आहेत, आणि चाली तर दोन्हीत गोड आहेत. गिटार किती खरखरते यावरून निवाडा करणाऱ्यानं हे दोन अल्बम वेगळे करून दाखवावेत. नाही जमणार. 'गुणगुणता येतं ते पॉप' ही दुसरी आवडती कसोटीही इथेच फसते, कारण 'लव्हलेस'मधल्या निम्म्या चाली आरामात गुणगुणता येतात.

बघायचं ते हे की गाणाऱ्याच्या आवाजाचं काय केलंय. आता तुम्ही म्हणाल, हे माहीत आहे की, शूगेझमध्ये आवाज खाली, म्हणजे गिटारपेक्षा हळू असतो. इथेच तर सगळे अडकतात. आवाज खाली असणं दोन प्रकारचं असतं. एक दबलेला आवाज, आणि एक विरघळलेला.

'लव्हलेस' घ्या. बँडचा गिटारिस्ट केव्हिन शील्ड्स ट्रेमोलो आर्म (तारांचा ताण हलवणारी गिटारची दांडी) मुठीत धरूनच कॉर्ड छेडतो. त्यामुळे कॉर्ड एका जागी ठरत नाही, सूर किंचित उतरतो, पुन्हा चढतो, डोलतच राहतो. बँडमधल्याच बिलिंडा बुचरचा आणि त्याचा स्वतःचा आवाज याच डोलण्यात सोडलाय. एकाच ओळीचे अनेक टेक एकावर एक चढवलेत, शब्दांच्या कडा मुद्दाम झिजवल्यात. ओळ कुठे संपली आणि गिटार कुठे सुरू झाली ते नेमकं सांगता येत नाही. कुमार गंधर्वांचं सुळेभावी आमच्या बेळगावला लागूनच. बैठकीत पुढे बसून ज्यांनी तानपुऱ्यातून उचललेला सूर तानपुऱ्यातच विरताना ऐकलाय, त्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे गवई तिथून पुढे येतो आणि बंदिश मांडतो. शूगेझवाला तिथेच राहतो, त्याला पुढे यायचंच नसतं.

म्हणून माझी कसोटी फेडरची, म्हणजे मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीची. मनातल्या मनात आवाजाचा फेडर वर सरकवा. गाणं उजळलं, तर ते आधीपासूनच पॉवर पॉप होतं, फक्त दबलेलं. आणि आवाज वर काढल्यावर गाणं उसवलं, हातात नुसती श्वासासारखी एक पुसट ओळ उरली आणि मागची गिटार पोरकी वाटली, तर ते शूगेझ. गिटार दोन्हीकडे तेवढीच मोठी असू शकते. पॉवर पॉपमध्ये ती गाण्याला उचलून धरते, शूगेझमध्ये गाणं तिच्यातच राहायला जातं.

ही कसोटी मनातल्या मनात न करता प्रत्यक्ष कानांनी करून बघायची सोय फार थोड्या बँडांनी ठेवलीय. व्हेलॉसिटी गर्लनं ठेवलीय, आणि माझ्या लेखी त्यांचं मोल त्यातच आहे.

हा वॉशिंग्टन डीसीला खेटून असलेल्या मेरिलँडमधला बँड, १९८९ च्या सुमाराचा. 'क्लूलेस' सिनेमाच्या साउंडट्रॅकमधलं त्यांचं एक गाणं अनेकांनी ऐकलेलं असतं, फक्त कुणाचं ते माहीत नसतं. १९९३ मध्ये सब पॉप या कंपनीनं त्यांचा 'कोपासेटिक' हा अल्बम काढला. निर्माता बॉब वेस्टन. गिटारी अगदी तोंडासमोर, कच्च्या, आणि गायिका सारा शॅननचा स्वच्छ, उंच आवाज त्यांच्या मागे कुठेतरी. लगेच शूगेझचा शिक्का बसला. १९९४ मध्ये 'सिंपॅटिको' आला. त्याचा निर्माता जॉन पोर्टर, द स्मिथ्सबरोबर काम केलेला माणूस. त्यानं गिटारी आवरल्या, साराला पुढे आणलं. मग ओरड सुरू झाली की बँड बदलला, शूगेझ सोडून पॉपच्या नादी लागला.

कसला बदलला? २०२४ मध्ये बँडचाच गिटारिस्ट आर्ची मूर यानं 'कोपासेटिक'चं नव्यानं मिक्सिंग करून 'अल्ट्राकोपासेटिक' काढला. वाजवणं तेच, गाणं तेच, फक्त फेडर हललेले. जुन्या मिक्सवर बँड स्वतःच खूश नव्हता. नवं मिक्स ऐका: कोरसला साराचा आवाज वर झेप घेतो तो आता स्पष्ट दिसतो, आर्ची आणि तिच्या आवाजाची जोडी सुटी कळते, ड्रमचा स्नेअर टणकन वाजतो. एकही गाणं उसवत नाही. म्हणजे १९९३ सालीही तो पॉवर पॉपच होता, गिटारच्या ढिगाऱ्याखाली दबलेला.

वडगावात एका माडीवर पोरं प्रॅक्टिस करतात. खाली पॉवरलूम चालू असतात, त्यामुळे ॲम्प कितीही वाढवला तरी तक्रार येत नाही. त्यांना मी न सांगता जुनं मिक्स लावून दिलं. "ह्ये शूगेझच की वो काका!" मग तेच गाणं नव्या मिक्समधलं. बास वाजवणारा म्हणाला, "ह्ये दुसऱ्या कुणाचं तर दिसतंय." ड्रमवाल्याला मात्र पहिल्याच रोलला कळलं की गाणं तेच आहे. ड्रमवाले तसेही कमी बोलतात आणि जास्त ऐकतात.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. वेगावर जाऊ नका, राइड या शूगेझ बँडची गाणी चांगली धावतात. पायाखाली पेडल किती, हेही सोडा. ड्रीम पॉप, म्हणजे धूसर, तरंगत्या आवाजाचं पॉप, वेगळं का? त्यात सहसा ॲम्प किंचाळत नाही, एवढं पुरे. आणि बाई गाते म्हणून 'स्वप्नाळू' म्हणणं तर आता खरंच बंद करा. साराच्या गाण्यात स्वप्नाळू काहीच नाही, ती सरळ, खणखणीत गाते. या एका सवयीमुळे कित्येक चांगले पॉप बँड चुकीच्या यादीत जाऊन पडलेत.

माझी आवड विचाराल तर 'सिंपॅटिको' पहिला. तो खानापूरच्या बसमध्ये फोनच्या फाटक्या स्पीकरवरही टिकतो. 'लव्हलेस' तिथे लावला तर इंजिनाच्या आवाजात नुसती सळसळ ऐकू येते, तो घरी चांगल्या हेडफोनवरच ऐकायचा. १९९६ चा 'गिल्डेड स्टार्स अँड झेलस हार्ट्स' सावकाश ऐका, जास्तच गुळगुळीत झालाय. त्याच वर्षी बँड फुटला.

'कोपासेटिक'ची दोन्ही मिक्स ऐकणार असाल तर आधी जुनं आणि मग नवं. उलट केलंत तर जुनं नुसतं बिघडलेलं वाटेल, आणि ते बिघडलेलं नाही. त्यातला धसमुसळेपणा मला अजून आवडतो. फक्त त्याला शूगेझ म्हणू नका.