आधी वही ताब्यात घ्या

संशोधनात लबाडी झाल्याचा आरोप आला की संस्था पहिल्या दिवशी काय करते, यावर पुढची सगळी चौकशी उभी राहते. समिती आठवड्याने नेमली तरी चालतं. पण प्रयोगाची वही, यंत्रातून निघालेल्या मूळ फाइली आणि फ्रीजरमधले नमुने त्याच दिवशी सील झाले नाहीत, तर समितीपुढे उरतात ते फक्त दोन बाजूंचे शब्द.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत यान हेन्ड्रिक शोन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ एकामागून एक थक्क करणारे निष्कर्ष छापत होता. त्याच्या निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांतला ‘गोंगाट’, म्हणजे मोजताना आपोआप येणारे बारीक चढउतार, हुबेहूब सारखा असल्याचं बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. खऱ्या मोजमापात असं होत नाही. संस्थेने माल्कम बीझली यांच्या अध्यक्षतेखाली बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने मूळ आकडे मागितले, तर संगणकात जागा नव्हती म्हणून फाइली पुसल्या, असं उत्तर मिळालं. धड ठेवलेली वहीही नव्हती. तरी २००२ मध्ये २४ पैकी १६ आरोप सिद्ध झाले आणि त्याची नोकरी गेली. तिथे छापलेल्या आलेखांनीच साक्ष दिली. दर वेळी तसं नशीब नसतं.

दक्षिण कोरियात हवांग वू-सुक यांनी रुग्णाशी जुळणाऱ्या स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या निरनिराळ्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळपेशी, तयार केल्याचा दावा केला होता. त्या प्रकरणात सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या समितीने पेशींचे डीएनए दुसऱ्या प्रयोगशाळांकडून तपासून घेतले. तशा स्टेम सेल बनल्याच नव्हत्या, हे काही आठवड्यांत स्पष्ट झालं. नमुना हाती असला की वाद लवकर मिटतो.

वही निर्दोष माणसालाही वाचवते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या रोगप्रतिकारशास्त्रज्ञ थेरेझा इमानिशी-कारी यांच्या १९८६ च्या पेपरवर त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या मार्गो ओटूल यांनी शंका घेतली. पुढे वह्यांतल्या शाईची आणि कागदाची बनावट नोटांचा तपास करणाऱ्या ‘सीक्रेट सर्व्हिस’ या सरकारी खात्याकडून तपासणी झाली, १९९४ मध्ये इमानिशी-कारी दोषी ठरल्या आणि १९९६ मध्ये अपिलात सुटल्या. दहा वर्षं गेली. ओटूल यांनाही संशोधनात काम मिळणं कठीण झालं. रोजच्या रोज तारखेनिशी भरलेली वही असती, तर दोघींचीही इतकी फरफट झाली नसती.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. तक्रार आधी विभागाच्या समितीकडे जाते, तिने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर संस्थेची समिती, तिच्यात एक सदस्य बाहेरचा. दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. नियम चांगले आहेत, पण ते मजकुराच्या चोरीपुरते. सॉफ्टवेअर शब्द जुळवून बघतं. मनाने रचलेला आकडा कुठल्याच पेपरशी जुळत नाही, म्हणून तो बिनबोभाट सुटतो. ही उणीव मला फार गंभीर वाटते.

बडोद्यात रावपुरा-दांडिया बाजारच्या मराठी घरांतली मुलं सयाजीराव विद्यापीठात, कुणी पुण्या-अहमदाबादला पीएच.डी. करतात. शंका आली तर ती घरी बोलतात, ओळखीच्या एखाद्या काकांना विचारतात; गाइड दुखावतील या धास्तीने कागदावर काही येत नाही. त्यांना माझं सांगणं असं : तक्रार माणसाविरुद्ध लिहू नका, आलेखाविषयी लिहा. कुठला पेपर, कुठली आकृती, कुठला आकडा मूळ नोंदीशी जुळत नाही, एवढंच. प्रामाणिक चूक हे गैरवर्तन नव्हे, तेव्हा हेतूचा निवाडा समितीवर सोडा. अर्जावर पोच घ्या. आणि अर्जातली पहिली मागणी शिक्षेची नको. संबंधित वह्या, फाइली, नमुने आजच सील करून त्यांची यादी दोन्ही बाजूंना द्यावी, ही असू द्या.