ए-लेव्हलचा ट्रेलर प्रोजेक्ट आणि हॉररचा सुकाळ: पार्श्वभूमी

ट्रेलर पूर्वी मेन पिक्चर संपल्यावर दाखवायचे, नाव त्यावरूनच पडलं, जुना इतिहास एवढा पुरे. आपल्याला हवंय ते 2008 नंतरचं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या परीक्षा मंडळाने ए-लेव्हल (तिकडची बारावीच्या तोडीची, दोन वर्षांची परीक्षा) मीडिया स्टडीजच्या दुसऱ्या वर्षाला एक पर्याय ठेवला होता, अस्तित्वातच नसलेल्या सिनेमाचं प्रमोशन पॅकेज करा. त्यात टीझर ट्रेलर आणि जोडीला पोस्टर, मासिकाचं कव्हर, वेबसाइटचं होमपेज यातलं कुठलंही दोन. 100 पैकी 60 मार्क बनवलेल्या कामाला, 20 रिसर्च-प्लॅनिंगला, 20 इव्हॅल्युएशनला, म्हणजे आपल्याच कामाच्या मूल्यमापनाला.

मेख या शेवटच्या 20 मध्ये होती. पहिलाच प्रश्न असा की तुमच्या कामाने खऱ्या मीडियातले फॉर्म आणि कन्व्हेन्शन्स (त्या प्रकारात नेहमी दिसणाऱ्या ठरलेल्या गोष्टी) कसे वापरले, पुढे नेले किंवा त्यांना आव्हान दिलं. आता बघा, मागितलाय टीझर, म्हणजे थोडक्यात झलक, गोष्ट फारशी उघड न करता. पण कन्व्हेन्शन्स वापरले हे दाखवायचं तर ते स्क्रीनवर दिसायला नकोत का? मग पोरं सगळंच कोंबायची, आधी सुखी घर, मग काहीतरी बिघडतं, मग भराभर कट, काळा स्क्रीन, किंचाळी, रिलीज डेट. टीझरच्या नावाखाली अख्खा ट्रेलर तयार. माझ्या मते यात पोरांचा दोष कमीच, आखूडशिंगी बहुदुधी गाय मंडळालाच हवी होती.

आणि म्हणूनच पोरं सिनेमा निवडायची तो हॉरर. खर्च नाही, हुडी घातलेला एक मित्र, गावाबाहेरची झाडी, रिकामा हलणारा झोपाळा, लाल खरबरीत अक्षरांतलं टायटल, झालं. शिवाय हॉररचे कन्व्हेन्शन्स बोट ठेवून दाखवता येतात. इव्हॅल्युएशनमध्ये आपली फ्रेम डावीकडे, खऱ्या सिनेमाची उजवीकडे, खाली दोन ओळी. रोमँटिक कॉमेडीत असं काय दाखवणार, दोघांमधली केमिस्ट्री? आव्हान देणं म्हणजे बहुतेकदा खुनी मुलगी निघणं, आणि तेही इतक्यांनी केलं की तोच कन्व्हेन्शन झाला!

त्यात 2010 ला आयमूव्हीमध्ये (ॲपलचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ट्रेलरचे तयार साचे आले, शॉटची यादी, म्युझिक, टायटल सगळं जॉनरप्रमाणे, म्हणजे सिनेमाच्या प्रकाराप्रमाणे, आधीच भरलेलं. शाळेत साचा सरळ वापरणं कमीपणाचं मानायचे, पण त्यातला क्रम बघून आपला शॉटलिस्ट करणारे होतेच.

2017 पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला, प्रॅक्टिकलचा वाटा निम्म्यावरून 30 टक्क्यांवर आला, काय बनवायचं याचा ब्रीफ मंडळ दरवर्षी बदलतं आणि ग्रुपने करायची सोय गेली. अभिनयाला किंवा कॅमेरा धरायला मित्र चालतात, पण कुठला शॉट कसा घ्यायचा हे ठरवायचं एकट्याने आणि मार्कही एकट्याचेच.