वीज मोजण्यापासून गरज तपासण्यापर्यंत

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅट क्षमतेचे आहे, आणि कोराडी व खापरखेडा येथील केंद्रे त्याच्या जोडीला आहेत. राज्यभर पोहोचणाऱ्या या विजेची राख मात्र विदर्भातल्याच गावांच्या वाट्याला येते, त्यामुळे वीज नेमकी कशावर खर्च होते हा प्रश्न इथे केवळ पुस्तकी राहत नाही. संगणकशास्त्रातील संशोधकांचा एक गट हाच प्रश्न सॉफ्टवेअरला विचारतो; टिकाऊ (सस्टेनेबल) सॉफ्टवेअर हा त्यांचा विषय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगभरातील डेटा सेंटरांनी सुमारे 415 टेरावॅट-तास, म्हणजे 41,500 कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या ती साधारण दीड टक्का होती. या विषयात संशोधक म्हणून उभे राहायचे तर काय करावे लागते, हे अमरावती, शेगाव किंवा नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत गावाकडून आलेल्या मुलामुलींना सहसा कोणी सांगत नाही. प्लेसमेंटच्या धामधुमीत ते राहूनच जाते.

सुरुवात बहुधा मोजमापाने होते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 2011 पासून स्वतःच्या ऊर्जावापराचा अंदाज देणारी सोय आहे, आणि तिच्या आधारे एखादा प्रोग्राम चालताना किती जूल ऊर्जा लागली हे पाहता येते. हे ऐकायला सोपे असले तरी एकाच मापनाला काहीही किंमत नसते, कारण मागे चालणारे इतर प्रोग्राम, प्रोसेसरचे तापमान यांनीही आकडा हलतो; म्हणून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून संख्याशास्त्राच्या कसोट्या लावाव्या लागतात. पोर्तुगालमधील संशोधकांनी 2017 मध्ये अशा पद्धतीने 27 प्रोग्रामिंग भाषांची तुलना केली, तेव्हा त्याच कामांसाठी पायथॉनला सी भाषेच्या सुमारे 75 पट ऊर्जा लागल्याचे दिसले. यावरून पायथॉन टाकून द्यावी असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण प्रत्यक्षात पायथॉनमधील जड आकडेमोड बहुधा सी भाषेत लिहिलेल्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संचच करतात.

मोबाइलच्या बाबतीत हा अभ्यास अधिक रंजक होतो. फोनमधील रेडिओ, म्हणजे टॉवरशी संपर्क ठेवणारा भाग, माहिती पाठवून झाल्यावर लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जागाच राहतो आणि तेवढा वेळ बॅटरी खात राहतो. त्यामुळे एखादे अ‍ॅप दर मिनिटाला थोडी थोडी माहिती पाठवत असेल, तर तीच माहिती एकदम पाठवण्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा जाते. त्यातच टॉवर दूर असला की फोनला अधिक जोराने संदेश पाठवावे लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कास्तकाराने धुऱ्यावर उभे राहून पऱ्हाटीचा फोटो काढावा, फोनने ठिकाण शोधावे, रेंजची एक दांडी येऊन जावी, फोटो अर्ध्यावर अडकून पुन्हा पहिल्यापासून चढू लागावा, आणि एवढ्यात बॅटरीची वीस टक्क्यांची सूचना यावी, हा प्रसंग प्रयोगशाळेतल्या वायफायवर तपासलेल्या अ‍ॅपच्या अहवालात कधी उमटत नाही.

तरीही विजेचा हिशेब हा या विषयाचा लहान भाग आहे, असे माझे मत आहे. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास ऊर्जा मावते. ती रोज पूर्ण भरली तरी वर्षाला सात युनिट होतात, आणि भारतातील विजेमागे प्रतियुनिट सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाचा भार जेमतेम पाच किलो येतो. याउलट, स्मार्टफोन घडवताना होणारे उत्सर्जन 50 किलोच्या आसपास असते, म्हणजे दहा वर्षांच्या चार्जिंगइतके. तेव्हा एखाद्या अ‍ॅपने नव्या आवृत्तीत जुन्या अँड्रॉइडचा आधार (सपोर्ट) काढून घेतला आणि त्यापायी धडधाकट फोन बदलावा लागला, तर कोडमध्ये केलेली सगळी काटकसर एका फटक्यात वाहून जाते. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तेव्हा कितीतरी संगणकांपुढे हाच पेच आला.

सॉफ्टवेअर झिजत नाही, पण भोवतालचे जग बदलत जाते आणि त्याच्याशी जुळवून न घेतलेले सॉफ्टवेअर निरुपयोगी होत जाते, हे संगणकशास्त्रज्ञ मायर लेहमन यांनी 1970 च्या दशकातच मांडले होते. म्हणूनच अनेक संशोधकांचे लक्ष कोडकडून आधीच्या टप्प्याकडे, म्हणजे गरजा ठरवण्याच्या कामाकडे वळले. स्वीडनमधील कार्ल्सक्रोना येथे 2014 मध्ये झालेल्या परिषदेतून एक जाहीरनामा पुढे आला. त्याने पर्यावरण, समाज, व्यक्ती, अर्थकारण आणि तंत्र अशा पाच अंगांनी सॉफ्टवेअर तपासावे असे सुचवले. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडत होते, त्याला तेव्हा जवळपास सत्तर वर्षे होत आली होती. उत्पादनाचे साधन माणसाच्या गरजेला धरून असावे, हा त्यांचा आग्रह या नव्या शाखेला परका नाही. केवळ कार्यक्षमता वाढवून भागत नाही, हे तर इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी 1865 मध्येच इंग्लंडच्या कोळशावरून दाखवले होते: इंजिने सुधारली, म्हणून ती अधिक ठिकाणी बसली आणि कोळशाचा वापर वाढला.

या वाटेने जाणाऱ्याला पीएच.डी.नंतर विद्यापीठ, संशोधन संस्था किंवा कंपनीचा संशोधन विभाग अशा जागा असतात, मात्र काम दोन घरांत विभागलेले राहते. एकीकडे मीटर आणि आलेख, तर दुसरीकडे मुलाखती, निरीक्षणे आणि लोकांच्या सवयी. विदर्भातल्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय शोधायला दूर जावे लागणार नाही. दोन जीबी मेमरीच्या, सहा वर्षे जुन्या फोनवर चालणारे पीकनोंदीचे अ‍ॅप घ्यावे. वावरात रेंज नसताना नोंद फोनमध्येच साठवून संध्याकाळी गावात आल्यावर ती एकदम पाठवण्याची सोय त्यात करावी, आणि नेहमीच्या पद्धतीशी तुलना करावी. एका तक्त्यात प्रत्येक नोंदीमागे खर्च झालेले जूल येतील. दुसऱ्यात ती नोंद पुरी करण्यासाठी कास्तकाराला तालुक्याच्या सेवा केंद्रात किती चकरा माराव्या लागल्या याची संख्या येईल. परीक्षकांपैकी कोणी दुसऱ्या तक्त्याला संगणकशास्त्र मानायला तयार नसेल, तर त्याला पटवणे हेही त्या प्रबंधाचेच काम आहे.