प्रेमकथा आणि रोमान्स: शेवट ठाऊक असण्यात वावगं काय?

‘कादंबरी बरी आहे, पण शेवट आधीच कळतो.’ रोमान्स कादंबरीवरचा हा अभिप्राय वाचला की मला हात जोडून सांगावंसं वाटतं, अहो, तो कळणारच होता. दुसऱ्या टोकाला तक्रार असते, ‘रोमान्स म्हणून घेतली आणि शेवटी रडवलं, फसवणूक झाली.’ दोन्हींचं मूळ एकच आहे. प्रेमकथेलाच इंग्रजीत रोमान्स म्हणतात, असं आपण धरून चालतो.

प्रेमकथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आठवा. बोटीवरचे मोजके दिवस, मागे हिटलरचा जर्मनी, चक्रधर आणि हेर्टा. प्रेम जीव तोडून केलेलं, पण ते तडीस जाईल असा शब्द बेडेकरांनी आपल्याला कधी दिलेला नव्हता. प्रेमकथेत मीलन होईल, ताटातूट होईल, कुणी जिवानिशी जाईल. लेखक मोकळा असतो.

रोमान्स लिहिणारा तसा मोकळा नसतो. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ही लेखकांची संघटना १९८० साली स्थापन झाली. तिने या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या: प्रेम कथेच्या केंद्रस्थानी हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. शृंगार किती, नायक किती श्रीमंत, मुखपृष्ठ गुलाबी की आणखी कसलं, याने काहीही ठरत नाही. त्यावरचे वाद मी वाचतसुद्धा नाही.

सगळा गोंधळ दुसऱ्या अटीपाशी होतो. रहस्यकथेत खुनी शेवटी सापडला म्हणून कुणी नाक मुरडत नाही. तो कसा सापडला यात गंमत असते. रोमान्सचं तसंच आहे. दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं आणि एवढं सगळं आड येत असताना येतील कसे, हे वाचायचं असतं. इथवर बहुतेकांना पटतं. पुढचं मात्र सहसा कुणी लक्षात घेत नाही: शेवटाची खात्री असली की मधल्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थच बदलतो. नायक तुसडा वागला, तर रोमान्सचा वाचक धीर धरतो, कारण याच्या मनात काहीतरी जखम असेल, ती पुढे उलगडेल आणि हा बदलेल, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. प्रेमकथेचा वाचक त्याच वागण्याने सावध होतो.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकन लेखिका कॉलीन हूवर यांची २०१६ ची कादंबरी ‘इट एंड्स विथ अस’. बोस्टनमधली एक गच्ची. वडिलांच्या अंत्यविधीहून परतलेली लिली तिथे एकटी बसली आहे. एक देखणा न्यूरोसर्जन, राइल, तिथे येतो आणि कुणी पाहत नाही असं समजून एका खुर्चीला लाथांमागून लाथा घालतो. नंतर कळतं की इस्पितळात त्याच्या डोळ्यांसमोर एक लहान मूल दगावलं आहे.

त्या खुर्चीचं काय करायचं? रोमान्स म्हणून वाचणारीला ती नायकाच्या दुःखाची खूण वाटते. प्रेमकथा म्हणून वाचणारीला पोटात गोळा येतो. माझ्या एका मैत्रिणीने ही कादंबरी रोमान्स म्हणूनच हातात घेतली होती. लग्नाआधीच एका रात्री ओव्हनमधलं गरम भांडं काढताना राइलचा हात भाजतो, लिलीला हसू येतं आणि तो तिला ढकलतो. ते वाचूनही मैत्रीण मला म्हणाली, ‘थांब, आता सुधारेल तो.’ लिलीही स्वतःला हेच सांगत असते.

तो सुधारत नाही. मुलगी झाल्यावर लिली इस्पितळातच त्याच्याकडे घटस्फोट मागते. नवऱ्याचा मार सोसत राहिलेल्या आपल्या आईला जे जमलं नाही ते ती करते. हूवर यांनी शेवटच्या टिपणात सांगितलं आहे की या कथेमागे त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांचं नातं आहे.

आता वाचकांची मतं पाहा. एक गट म्हणतो, मारहाणीला प्रेमाचा मुलामा दिला आहे. दुसरा म्हणतो, बाई घर सोडायला इतका वेळ का लावते, हे पहिल्यांदाच आतून कळलं. माझ्या मते दोघांनीही प्रामाणिकपणे वाचलं आहे. फरक पडला तो लेबलामुळे. गुडरीड्स या पुस्तकांवरच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळाच्या वाचकांनी २०१६ मध्ये हिला सर्वोत्कृष्ट रोमान्सचा पुरस्कार दिला. त्या नावाखाली वाचलं की राइलच्या देखणेपणाची पानंच्या पानं त्याची भलामण वाटतात, कारण रोमान्समध्ये अशी पानं नायकाच्या वाट्याला येतात. ते नाव बाजूला ठेवून वाचलं की तीच पानं दाखवतात, की अशा माणसावर कुणाचाही जीव जडू शकतो.

माझं मत ठाम आहे: ही रोमान्स कादंबरी नाही. शेवटच्या पानांत जुना मित्र अॅटलस भेटतो, थोडी आशा दिसते, म्हणून काही जण तिला रोमान्समध्ये बसवतात. पण पुस्तकभर जे नातं केंद्रस्थानी आहे ते राइलचं, आणि ते मोडतं. दुसऱ्या अटीत बसवण्यासाठी अॅटलसच्या एका भेटीवर एवढा भार टाकणं मला लिलीवर अन्याय करणारं वाटतं. तिने दवाखान्याच्या त्या खोलीत जो निर्णय घेतला, तो नवा पुरुष मिळणार म्हणून घेतलेला नव्हता.

म्हणून अभिप्राय वाचताना तारे किती दिले हे मी नंतर बघते. लिहिणारी कशाची वाट पाहत होती, ते आधी शोधते. ‘राइलला आणखी एक संधी द्यायला हवी होती’ असं कुणी लिहिलं असेल, तर ती शेवटपर्यंत रोमान्स वाचत होती हे कळतं आणि तिचा राग समजतो. लिली आणि अॅटलसचं जुळताना वाचायचं असेल, तर २०२२ चा पुढचा भाग, ‘इट स्टार्ट्स विथ अस’, घ्या. तो सरळसरळ रोमान्स आहे. फक्त तो संपवून ‘शेवट आधीच कळला’ असं लिहू नका.