म्हशीचा विमा आणि कुत्र्याचा विमा: पैसे नेमके कधी मिळतात?

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात जनावराचा विमा कुणाला नवा नाही. म्हशीसाठी कर्ज काढलं की बँकच विमा काढायला लावते, नाहीतर दूध संघामार्फत गटविमा होतो. कुत्र्याच्या विम्याची जाहिरात मोबाईलवर दिसायला लागली, तेव्हा लोकांनी तोही त्याच खात्यात टाकला. पुतण्या चुलत्याला म्हणतो, "काका, म्हशीचा काढलाय न्हवं, मग टॉमीचाबी काढून टाकूया की." काका म्हणतो, "किती बसतंय बघ." बोलणं तिथंच संपतं, आणि पुढचा सगळा घोळही तिथूनच सुरू होतो. कारण हप्ता किती हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचं ते हे, की पैसे कधी मिळणार? जनावर मेल्यावर, की ते आजारी असताना?

म्हशीचा विमा हा मालमत्तेचा विमा आहे. म्हैस किंवा गाय रोगाने, अपघाताने किंवा शस्त्रक्रियेदरम्यान मेली, तर ठरलेली किंमत मालकाला मिळते. औषधाचे, सलाईनचे, डॉक्टरच्या फेऱ्यांचे पैसे त्यात नसतात. स्तनदाह झाला, दहा लिटरची म्हैस चारवर आली, तरी साध्या पॉलिसीत काही हाती लागत नाही. जनावर कायमचं दूध द्यायचं किंवा गाभण राहायचं थांबलं, तर त्यासाठी कायमच्या अपंगत्वाचं जादा कलम घेतलेलं असावं लागतं. ते कलम आहे का, हे पावती हातात घेतानाच विचारावं. एजंट आपणहून सांगेल या भरवशावर राहू नये.

कुत्र्याच्या विम्याचं उलट आहे, म्हणजे बहुतेक वेळा. बजाज अलियान्झने २०२० साली कुत्र्यांसाठी पॉलिसी आणली, त्यानंतर इतर खासगी कंपन्याही उतरल्या. या नव्या पॉलिस्यांचा गाभा दवाखान्याचा खर्च हा आहे: भरती, शस्त्रक्रिया, त्यानंतरचे उपचार. कुत्रा मेला तर रक्कम, हरवला किंवा चोरीला गेला तर रक्कम, कुणाला चावला तर भरपाई, ही सगळी वेगवेगळी कलमं. हवं ते घ्यायचं आणि त्याचा हप्ता भरायचा. म्हशीच्या विम्यात मात्र चोरी सहसा धरतच नाहीत. गोठ्यातून जनावर गेलं तर पोलिसात तक्रार करा, विम्याकडे बघू नका.

"बहुतेक वेळा" म्हणायला कारण आहे. सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्याची जुनी पॉलिसी पूर्वीपासून आहे, आणि तिचा साचा गुरांच्या विम्याचाच. कुत्रा मेला तर ठरलेली किंमत मिळते. कुणी असा विमा काढतो, वर्षभराने पार्वो म्हणजे कुत्र्याची विषाणूची हगवण झाली की चार दिवस सलाईन लावतो, बिलं घेऊन ऑफिसात जातो आणि हात हलवत परत येतो. कंपनीने फसवलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने घेतलं एक आणि मागितलं दुसरं. कुत्र्याचं नाव छापलंय म्हणून तो आरोग्य विमा ठरत नाही.

आता गोठ्याचा हिशेब. राष्ट्रीय पशुधन अभियान या सरकारी योजनेत जनावराच्या हप्त्यावर सवलत मिळते; तिच्यात २०२४ च्या फेब्रुवारीत बदल झाला आणि शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आला. आधी तो गटानुसार २० ते ५० टक्के होता. उरलेली रक्कम केंद्र आणि राज्य ६०:४० अशी भरतात. समजा, म्हशीची किंमत ८०,००० धरली आणि हप्त्याचा दर ४ टक्के लागला. पूर्ण हप्ता ३,२०० रुपये, आपल्या खिशातून ४८० रुपये. महिन्याला ४० रुपये पडतात. ज्याचं घर दुधाच्या पगारावर चालतं त्याने यावर फार विचार करत बसू नये, काढून टाकावा. २०२२ मध्ये लंपीची साथ या पट्ट्यात आली, तेव्हा उभी जनावरं गेली. ज्यांच्याकडे कागद होता आणि ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यातला फरक गावागावात दिसला.

फक्त ही सवलत राज्याच्या पशुसंगोपन खात्यामार्फत मिळते. आपलं दूध कोल्हापूरच्या डेअरीला जात असेल, म्हैस गडहिंग्लजच्या बाजारातून आणली असेल, तरी घर बेळगाव जिल्ह्यात असेल तर अर्ज कर्नाटकाच्याच दवाखान्यात. पलीकडून आणलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असतो, पण नोंद जुन्या मालकाच्या नावावर असते. ती आधी आपल्या नावावर करून घ्यावी. जुन्या मालकाचा विमा चालू असला तरी तो जनावरासोबत आपोआप आपल्याकडे येत नाही.

त्या बिल्ल्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण दावे तिथंच अडतात. पिवळ्या प्लास्टिकचा, १२ आकडी नंबराचा बिल्ला. म्हैस कान खांबाला घासते, कुंपणात अडकवते, आणि एक दिवस तो पडलेला असतो. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम कंपन्या अक्षरशः पाळतात. पडल्या पडल्या डॉक्टरांकडून नवा मारून घ्यायचा आणि नवा नंबर कंपनीला लेखी कळवायचा. जनावर मेल्यावर कानात भोक दाखवून काही होत नाही. जनावर दगावलं तर पुरायची घाई करता येत नाही. कंपनीला लगेच कळवायचं, बिल्ला दिसेल असे फोटो काढायचे, सरकारी डॉक्टर येऊन शवविच्छेदन करेपर्यंत थांबायचं. खानापूर तालुक्यात भर पावसात, चिखलाची वाट, आणि गोठ्यात मेलेली म्हैस. घरच्यांना ते नको होतं, शेजारी बोलतात. तरी थांबावं लागतं. घोणस चावून मेलेलं जनावर अपघातात धरलं जातं, पण साप चावला हे डॉक्टरच्या कागदावर यायला लागतं. आपण बघितलं हे पुरत नाही. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी दिल्याची नोंद नसेल, तर त्या रोगाने झालेला मृत्यू नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. नव्या पॉलिसीत पहिले साधारण १५ दिवस रोगाचा मृत्यू धरत नाहीत. म्हणून शेजारच्या गोठ्यात साथ आल्यावर विमा काढायला धावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

कुत्र्याच्या विम्यात अडचण वेगळ्या जागी आहे, आणि आपल्या भागात ती जास्त जाणवते. कागदावर "भरती" लिहिलेलं असतं. बंगळूर, पुण्यात कुत्र्याला रात्रभर ठेवून घेणारे दवाखाने आहेत. तालुक्याच्या गावाला काय होतं? कुत्र्याला गोचीड ताप येतो, लघवी लाल होते, डॉक्टर टेबलावर झोपवून दोन तास सलाईन लावतात, इंजेक्शन देतात आणि "उद्या परत घेऊन या" म्हणतात. असं चार-पाच दिवस. खर्च खराच होतो, पण कुत्रा एक रात्रही दवाखान्यात राहिलेला नसतो. भरतीसाठी किती तास लागतात, हे पॉलिसीत वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. बाह्यरुग्ण उपचाराचं कलम वेगळं असेल तर त्याचा जादा हप्ता आणि मर्यादा बघावी. आपल्याकडचे रोजचे आजार म्हणजे गोचीड ताप, हगवण, कातडीची खाज. ते बहुतेक बाहेरच्या बाहेर बरे होतात. जे आपल्याकडे घडतं ते पॉलिसीत नाही आणि जे पॉलिसीत आहे त्यासाठी कोल्हापूर किंवा हुबळी गाठायची, असा प्रकार होऊ शकतो.

मग घ्यावा का? माझं मत असं. रस्त्यावरून आणलेला, अंगणात वाढलेला गावठी कुत्रा असेल, तर विम्याऐवजी लस, नसबंदी आणि बाजूला ठेवलेले पैसे जास्त कामाला येतात. भिशी म्हणा, सोसायटीत आवर्ती ठेव म्हणा. मादी असेल तर नसबंदी तर कराच. गर्भाशयात पू झाला तर करावी लागणारी शस्त्रक्रिया महाग पडते, आणि वेळेत नसबंदी झालेली असेल तर तो धोका जवळपास उरतच नाही.

लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड यांसारखा विकत घेतलेला कुत्रा असेल, वय कमी असेल आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी हुबळीला न्यायची तुमची तयारी असेल, तर आरोग्य पॉलिसी विचार करण्यासारखी आहे. पण या जातींत खुब्याच्या सांध्याचा आजार बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि अनेक पॉलिस्या आनुवंशिक आजार वगळतात. म्हणजे ज्या भीतीने विमा घेतला तीच बाहेर. आधीपासून असलेला आजार तर सहसा कुणी घेत नाही. वय वाढलं की नवी पॉलिसी मिळणं कठीण होतं, म्हणून आठ वर्षांच्या कुत्र्यासाठी शोधाशोध करून फारसा उपयोग नाही.

मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याचं काय, हे बागलकोटच्या बाजूला हमखास विचारतात. हा कुत्रा काटक खरा, पण कातडी पातळ. पळताना काटेरी तारेत फाटतो, टाके घालावे लागतात. तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रातून किंवा खात्रीच्या माणसाकडून घेतला असेल तर जातीचा कागद जपून ठेवा. मृत्यूचं कलम घेतलं तर किंमत ठरवताना तो लागतो. शर्यतीला वापरणार असाल तर वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा.

एक कलम मात्र मी स्वस्तात मिळालं तर कुणालाही घ्यायला सांगेन: कुत्र्याने तिसऱ्याला इजा केली तर द्यावी लागणारी भरपाई. बेळगावच्या अरुंद गल्ल्यांत कुत्रा दुचाकीच्या आडवा गेला, चालवणारा पडला, हात मोडला, तर भांडण थेट पैशावर येतं. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. तो दंड विमा भरत नाही, पण जखमीला द्यायची रक्कम या कलमातून जाऊ शकते. इथे गंमत अशी की म्हशीने कुणाला शिंग मारलं तर गोठ्याच्या साध्या विम्यात त्याची सोयच नसते.

भाषेचा त्रास दोन्हीकडे आहे. दवाखान्यातला अर्ज कन्नडमध्ये, पॉलिसी इंग्रजीत, आणि सांगणारा एजंट मराठीत. तो मराठीत जे सांगतो ते कागदावर आहे का, हे दहावी-बारावीच्या पोराकडून वाचून घ्यावं. वाद झाला तर एजंटचं बोलणं कोण धरत नाही. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. पॉलिसीधारक बेळगावचा असेल तर लोकपाल बंगळूरचा लागतो, पुण्याचा नव्हे. दुसरा रस्ता बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे ५ लाखांपर्यंत मोबदला भरलेल्या प्रकरणात शुल्क लागत नाही, आणि इथे मोबदला म्हणजे भरलेला हप्ता. सोबत पॉलिसी, हप्त्याची पावती, लसीचं कार्ड, डॉक्टरचे कागद आणि कंपनीचं नकाराचं पत्र न्यायचं. नकार तोंडी मिळाला असेल तर आधी तो लेखी मागून घ्यायचा.